खाडा : मनोरुग्णाच्या कामाचा एक अपुरा इतिहास

'खाडा' हा शब्द आपण रोज वापरतो आणि त्याच्याकडे बघत नाही. दूधवाला आला नाही की घरातली बाई कॅलेंडरवर त्या तारखेला खाडा मांडते. विद्यार्थी वर्गात दिसला नाही की हजेरीपटावर खाडा पडतो. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा पगार देताना मोजले जातात ते खाडेच. आमच्या ढोकी परिसरात मात्र या शब्दाला आणखी एक, बराच निष्ठुर अर्थ आहे. ऊसतोडीला जाणारे जोडपे म्हणजे एक 'कोयता', एकटा माणूस म्हणजे 'अर्धा कोयता'. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती 'उचल'. आणि आजारपणाने वा अन्य कारणाने एखादा दिवस काम बुडाले, तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंडही बसतो. त्या दंडाचे नावही 'खाडा'च. गैरहजेरी आणि गैरहजेरीची शिक्षा या दोहोंसाठी एकच शब्द असावा, हे भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

या लेखाचा विषय ऊसतोड नव्हे. मनाच्या गंभीर आजारातून सावरणाऱ्या माणसाला काम आणि शिक्षण यांच्याकडे परत कसे येता येते, याचा इतिहास मी गेली दोन-तीन वर्षे जमेल तसा वाचतो आहे. मी मराठीचा अध्यापक आहे, मानसोपचाराचा नव्हे. त्यामुळे औषधांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. पण वाचता वाचता जाणवत गेले की हा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: या माणसाचा खाडा कोणी भरून काढायचा?

प्रश्न माझ्यापर्यंत पोचला तो एका विद्यार्थ्यामुळे. त्याची ओळख पटेल असे तपशील इथे देत नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षानंतर तो दोन वर्षे दिसला नाही आणि मग एके दिवशी प्रवेशाचा अर्ज घेऊन पुढे उभा राहिला. शिक्षणात खंड पडलेल्या विद्यार्थ्याला 'गॅप'चे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, हे वाचकांपैकी अध्यापकांना ठाऊक आहेच. दोन वर्षे काय करत होतो, हे मुद्रांकित कागदावर लिहून द्यायचे असते. त्याने लिहिले होते, 'घरगुती अडचणीमुळे'. पहिल्यांदा कागदावर खरे कारण लिहिले होते. ते वाचून कोणीतरी त्याला हळूच बदलून आणायला सांगितले होते. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. ती दोन वर्षे कागदावरून नाहीशी झाली.

आता थोडे मागे जाऊ.

मराठी गद्याच्या अगदी आरंभी एक 'वेडा' उभा आहे, हे आपण एम. ए.च्या वर्गात सांगतो खरे, पण भरभर सांगून पुढे जातो. म्हाइंभटांच्या नावावर असलेल्या गोविंदप्रभुचरित्रातील ऋद्धिपूरचे राऊळ लहान मुलासारखे, वेड्यासारखे वागतात. कुणाच्या घरात शिरतात, कुणाचे अन्न उचलतात, रुसतात, रागावतात. गाव त्यांना सांभाळून घेते. तेराव्या शतकातील एका वऱ्हाडी गावाची सहनशक्ती किती होती, याचा तो विलक्षण दस्तऐवज आहे. परंतु त्यावरून पूर्वी गावे वेड्यांना सामावून घेत असत असा गोड निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. राऊळ हे भक्तांच्या लेखी ईश्वर होते. त्याच गावात एखादा साधा, देवत्व नसलेला वेडा असेल तर त्याचे चरित्र कोणी लिहिले नाही. ढोकीजवळच्या तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. माती तुडवताना भजनात देहभान हरपले आणि पायाखाली मूल आले, ही त्यांची आख्यायिका आमच्याकडच्या प्रत्येक लेकराला ठाऊक असते. हात-पाय कामावर आणि मन दुसरीकडे, असे तिचे स्वरूप. संतत्वाचे वलय काढून ती कथा वाचायचे धाडस मला अजून झालेले नाही. असो.

इंग्रजी अमदानीत वेडाला चार भिंती आणि एक कायदा मिळाला. १८५८ चा वेड्यांच्या आश्रमांविषयीचा कायदा हा बंडानंतरच्या व्यवस्थेचा भाग होता. आज महाराष्ट्रात असलेल्या जुन्या संस्थांपैकी नागपूरची १८६४ ची, रत्नागिरीची १८८६ ची आणि ठाण्याची १९०१ ची. येरवड्याची विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. ही नावे इतकी रुजली की 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला भरती करा' हे मराठीत वाक्प्रचार झाले. एखाद्या शहराचे नाव शिवीसारखे वापरले जावे, यातच त्या संस्थांचा सामाजिक इतिहास आला.

या संस्थांमध्ये काम होते, भरपूर होते. बागकाम, विणकाम, दळण, स्वयंपाक, साफसफाई. मुंबई इलाख्यातील आश्रमांचे वार्षिक अहवाल छापले जात आणि त्यांत रोज किती जण कामाला लावले, त्यातून किती उत्पन्न झाले, याचे तक्ते असत. हे तक्ते फार बोलके आहेत. काम केल्याने मन ताळ्यावर येते हा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय विचार त्यांमागे होता. पण तक्त्यातला शेवटचा रकाना रुपयांचा होता. रुग्णाच्या श्रमामुळे आश्रमाचा खर्च किती वाचला, याचा तो हिशेब. मजुरी नव्हती, म्हणून खाडाही नव्हता. भिंतीच्या आत असलेला माणूस गैरहजर राहणार तरी कुठे?

रांचीच्या युरोपियनांसाठीच्या संस्थेत बर्कली-हिल या अधीक्षकांनी १९२२ च्या सुमारास व्यवसायोपचाराचा विभाग सुरू केला, तेव्हा कामाकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली. काम हे औषध झाले. टोपल्या विणणे, सुतारकाम, शिवणकाम यांची मात्रा ठरू लागली. ही प्रगतीच होती. मात्र औषध म्हणून दिलेल्या कामाला मोबदला नसतो. टोपली विणून झाली की रुग्ण आपल्या खाटेवर परततो. टोपलीला बाजार असो वा नसो. आजही कित्येक ठिकाणी मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या आणि खडू यांच्या पलीकडे मनोरुग्णाच्या कामाची कल्पना जात नाही. पदवीधर माणूस वर्षानुवर्षे पाकिटे चिकटवत बसतो आणि आपण दिवाळीत ती कौतुकाने विकत घेतो. यात करणाऱ्यांचा दोष काढायचा नाही. ते काही नसलेल्या जागी काही तरी उभे करत असतात. तरी पाकीट चिकटवणे आणि नोकरी करणे यांत जे अंतर आहे, ते मोजले पाहिजे.

मराठवाड्याचा धागा इथे वेगळा काढावा लागतो, कारण आम्ही मुंबई इलाख्यात नव्हतो. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि निजामाचे मनोरुग्णालय जालन्याला होते. म्हणजे मराठवाड्याच्या भूमीवर एके काळी अशी संस्था होती. १९५३ मध्ये ती हैदराबादला एर्रागड्डा इथे हलवण्यात आली. पुढे तीन वर्षांनी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. पण इस्पितळ परराज्यात राहिले आणि महाराष्ट्राच्या वाट्याला वर सांगितलेली चार ठिकाणेच आली. त्यांपैकी एकही मराठवाड्यात नव्हते. अनुशेषाच्या चर्चेत आपण सिंचन मोजले, रस्ते मोजले, प्राध्यापकांच्या जागाही मोजल्या. हा अनुशेष मात्र माझ्या वाचनात क्वचितच आला. ढोकीच्या माणसाने येरवड्याला जायचे तर प्रवासाचा एक दिवस जाण्यात आणि एक येण्यात. मजुरी करणाऱ्याच्या घरात हे दोन खाडे झाले, आणि सोबत जाणाऱ्याचे आणखी दोन.

याच सुमारास, खूप दूर, एक निराळी गोष्ट घडत होती. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड या सरकारी मनोरुग्णालयातून बाहेर पडलेले काही लोक एकमेकांना भेटत राहिले. आपण एकटे नाही, अशा अर्थाचे नाव त्यांनी गटाला दिले होते. (ॲलन गिन्सबर्गच्या 'हाउल'मुळे रॉकलंड हे नाव इंग्रजी कवितेच्या वाचकाला परिचित आहे. तो गिन्सबर्ग पुढे मुंबईत आला, इथल्या कवींना भेटला, त्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्याच रॉकलंडमधून निघालेल्या या अनाम मंडळींविषयी मात्र मराठीत फारसे आढळत नाही.) १९४८ मध्ये त्यांना शहरात एक घर मिळाले. घरामागे कारंजे होते म्हणून नाव पडले 'फाउंटन हाऊस'. इथे येणारा 'रुग्ण' नव्हता, 'सभासद' होता. १९५५ मध्ये जॉन बिअर्ड तिथे संचालक झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस तिथे नोकरीचा एक नवा प्रकार आकाराला आला. इंग्रजी नावाचा शब्दशः अनुवाद जड होतो. मी त्याला 'मधली नोकरी' म्हणतो.

तिची रचना समजून घेण्यासारखी आहे. एखाद्या कंपनीतील खरी जागा, टपाल वाटण्याची, कागद लावण्याची किंवा गोदामातली, कंपनी त्या घराला देते. जागा व्यक्तीची नसते, घराची असते. सभासद तिथे अर्धवेळ, साधारण सहा ते नऊ महिने काम करतो आणि त्या कामाचा प्रचलित पगार थेट कंपनीकडून घेतो. मुलाखत नाही, पूर्वानुभवाची अट नाही, मधल्या वर्षांचा खुलासा नाही. घरातील कार्यकर्ता आधी ते काम स्वतः शिकतो आणि मग सभासदाला शिकवतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सभासदाला एखाद्या सकाळी उठवलेच नाही, औषधाची झापड उतरली नाही किंवा भीतीने पाऊल घराबाहेर पडले नाही, तर त्या दिवशी कार्यकर्ता किंवा दुसरा सभासद जाऊन काम करून येतो. कंपनीचे काम अडत नाही, सभासदाची जागा जात नाही. खाडा घर भरून काढते.

या एका तरतुदीत मला सगळ्या कल्पनेचे मर्म दिसते. मनाचा आजार बहुधा सपाट नसतो. त्याला भरती-ओहोटी असते. वीस दिवस उत्तम काम करणारा माणूस एकविसाव्या दिवशी कोसळतो, आणि आपली सारी रोजगारव्यवस्था त्या एकविसाव्या दिवसावरून त्याची किंमत करते. मधल्या नोकरीने किंमत करण्याचा दिवस बदलला.

पुढे या पद्धतीवर टीका झाली आणि ती रास्त होती. जागा नेहमी खालच्या दर्जाच्या, मुदत संपली की माणूस पुन्हा घरात. पूल सुंदर, पण पलीकडचा काठ कुठे आहे? १९९० च्या दशकात न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी क्रमच उलटा केला. आधी प्रशिक्षण आणि मग नोकरी हे जुने सूत्र. त्यांनी आधी माणसाच्या आवडीची खुली, कायम नोकरी शोधायची आणि मग त्या नोकरीतच त्याला हवी तितकी वर्षे साथ द्यायची, असे धोरण आखले. खुली नोकरी मिळण्याच्या कसोटीवर ही पद्धत अनेक देशांतील तुलनांत सरस ठरली. शिक्षणाच्या बाबतीतही १९८० च्या दशकात बॉस्टन विद्यापीठात अशीच वाट निघाली होती: आजारामुळे पदवी अर्धवट सोडलेल्या तरुणांना 'रुग्णांच्या शाळेत' न घालता विद्यापीठाच्याच आवारात, विद्यार्थी म्हणून परत आणायचे. 'विद्यार्थी' हे बिरुद 'रुग्ण' या बिरुदावर मात करते, हा त्यामागचा साधा अनुभव. हे वाचताना मी माझ्या वर्गाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो, एवढे कबूल करतो.

आपल्या उपखंडात फाउंटन हाऊसचे नाव आधी लाहोरला पोचले, १९७१ मध्ये. महाराष्ट्रात याच विचाराच्या जवळची कामे उभी राहिली ती बहुतेक १९८६ नंतर, आणि ती सरकारने नव्हे, कुटुंबीयांनी, डॉक्टरांनी व लेखकांनी उभी केली. अनिल अवचटांच्या 'गर्द'वरील लेखनातून आणि पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झाले, ही कथा साहित्याच्या विद्यार्थ्याला पाठ असते. पण डॉ. अनिता अवचट यांनी तिथे घालून दिलेली एक पद्धत आपण पुरेशी पाहिलेली नाही. व्यसनातून बाहेर आलेल्या माणसालाच तिथे कामावर घेतले जाऊ लागले. कालचा रुग्ण आजचा कार्यकर्ता. व्यसन आणि स्किझोफ्रेनिया यांत फरक आहे, हे मान्य. तरी ज्या भूतकाळामुळे इतर दारे बंद होतात तोच इथे पात्रता ठरला.

पुण्यातील दुसरी संस्था, स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, १९९७ मध्ये डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केली. वाणी हे मूळचे धुळे जिल्ह्याचे, कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. पत्नीच्या आजारातून त्यांना हा विषय कळला. म्हणजे ते डॉक्टर या नात्याने नव्हे, 'घरचा माणूस' या नात्याने आले. 'शुभार्थी' आणि 'शुभंकर' हे दोन शब्द या चळवळीच्या वर्तुळात रुळले: आजारातून सावरणारा तो शुभार्थी, त्याची काळजी वाहणारा तो शुभंकर. शब्द जरा गोडसर आहेत असे माझे मत होते. पण 'वेडा', 'रोगी', 'पेशंट' यांच्या शेजारी ठेवून पाहिले की त्यांची गरज कळते. वाणींच्याच पुढाकारातून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) हा चित्रपट आला. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेला शेष मराठी प्रेक्षकाने पाहिला आणि छिन्नमनस्कता हा पारिभाषिक शब्द मागे पडून 'स्किझोफ्रेनिया' घराघरात गेला. वसंत कानेटकरांच्या 'वेड्याचं घर उन्हात' (१९५७) पासून 'देवराई'पर्यंतच्या प्रवासावर एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधिका लिहावी. दोन्हीकडे आजार घरातल्या नात्यांतून उलगडतो; हा माणूस उद्या सकाळी कुठे कामाला जाणार, हा प्रश्न मात्र मराठी नाटक-सिनेमाने फारसा विचारलेला नाही. वाणी २०१७ मध्ये निवर्तले.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेच्या 'त्रिदल' या उपक्रमात शुभार्थींचे पुनर्वसन कामाच्या आधाराने होते. पण मधल्या नोकरीच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग मला वाटतो तो 'तराशा'चा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा हा प्रकल्प २०११ मध्ये सुरू झाला. मनोरुग्णालयातून सुटी देण्यायोग्य झालेल्या, पण घरच्यांनी न नेलेल्या स्त्रियांसाठी तो आहे. त्यांना आणखी एका आश्रमात न ठेवता शहरातील नोकरदार स्त्रियांच्या वसतिगृहात ठेवायचे, प्रशिक्षण द्यायचे, खऱ्या नोकरीपर्यंत सोबत जायचे. बाबा आमट्यांच्या आनंदवनाने महारोग्यांना श्रमाची प्रतिष्ठा दिली, याबद्दल महाराष्ट्र कायम ऋणी राहील. परंतु आनंदवन ही वेगळी वसाहत होती, कारण समाज परत घ्यायला तयार नव्हता. 'तराशा'ची दिशा समाजाकडे परतण्याची आहे. परतणाऱ्या बाईला वसतिगृहात शेजारची खाट मिळते आणि शेजारणीला तिचा आजार ठाऊक असेलच असे नाही. ही साधी गोष्ट वाटते. ती साधी नाही.

ही सारी नावे पुणे, ठाणे, मुंबईची आहेत. ढोकीचे काय?

आमच्या जिल्ह्यात मनाच्या आरोग्याची सार्वजनिक चर्चा दोनदा झाली आणि दोन्ही वेळा मृत्यूच्या निमित्ताने. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेच्या वतीने डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूर-उस्मानाबाद भागात काम केले. ('घाशीराम'मधला नाना म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच.) पुनर्बांधणीच्या काळात गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून काम मिळाले. त्याला कोणी मानसोपचार म्हटले नाही. पण ज्यांचे सर्वस्व गेले होते त्यांना सकाळी उठून कुठे तरी जायचे कारण मिळाले, याचे मोल कमी नसावे. दुसऱ्यांदा चर्चा झाली ती शेतकरी आत्महत्यांच्या निमित्ताने. २०१५ मध्ये उस्मानाबाद व यवतमाळ या दोन जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान आले आणि त्याच वर्षी प्रेरणा प्रकल्पातून चौदा जिल्ह्यांत समुपदेशन सुरू झाले. समुपदेशन हवेच होते. पण समुपदेशन करून घेतलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कुठे जायचे, हा रकाना कोणत्याही नमुन्यात मला दिसला नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राबवून पुढे १९७७ मध्ये कामाचा हक्क कायद्यात लिहिणारे राज्य आपले. त्या कायद्याच्या मनातला मजूर मात्र मनाने धडधाकट होता.

कायदे आता पुष्कळ आहेत. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्याने मनोरुग्णता व्याख्येत घेतली, पण नोकरीतल्या तीन टक्क्यांतून वगळली. २०१६ च्या कायद्याने ती चूक दुरुस्त केली. चार टक्क्यांपैकी एका सामायिक टक्क्यात मनोरुग्णतेला जागा मिळाली आणि उच्च शिक्षणात पाच टक्के राखीव जागांचा हक्कही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने समाजात राहण्याचा हक्क दिला आणि मधल्या निवासांची जबाबदारी शासनावर टाकली. कागद चांगला आहे. व्यवहारात प्रमाणपत्र मिळवायला आपण किमान चाळीस टक्के आजारी आहोत हे सिद्ध करावे लागते आणि नोकरी मिळवायला आपण शंभर टक्के बरे आहोत असे दाखवावे लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी हे ऐकून विचारले, ''मग सर, नेमकं किती आजारी असावं माणसानं?''

वडील कारखान्यात हंगामी कामगार होते. तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना मध्ये कित्येक वर्षे बंद राहिला, तेव्हा या गावाने काम जाणे म्हणजे काय हे घाऊक भावात पाहिले. भोंगा वाजेनासा झाल्यावर माणसे कशी वेळ विसरत जातात, हे मी माझ्या आळीत पाहिले आहे. पण साखर कारखानदारीत एक जुनी रीत आहे. हंगाम संपला की हंगामी कामगार घरी जातो, पण त्याची जागा जात नाही. बिगरहंगामात त्याला काही टक्के रक्कम मिळत राहते. कामगार तिला नुसते 'रिटेन्शन' म्हणतात. पुढच्या गाळपाला त्याने परत यावे, यासाठी ती सोय. यंत्राला विश्रांती लागते हे मान्य करणारी व्यवस्था आमच्या गावात होती. मला हे त्या वडिलांनीच लक्षात आणून दिले. ते म्हणाले, ''पोराचा बिगरहंगाम चालू आहे असं समजा की.''

तेव्हा मला आमच्याच शिक्षणपरंपरेतली एक गोष्ट आठवली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढले ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. आज राज्यातील विद्यापीठांत ही योजना चालते. गरीब विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात दिवसाचे काही तास काम करतो आणि तासाप्रमाणे मानधन घेतो. जागा योजनेची असते, विद्यार्थ्याची नसते. मानधन खरे असते. काम महाविद्यालयाच्या उपयोगाचे असते आणि ते करणारा 'विद्यार्थी' म्हणूनच ओळखला जातो. बिअर्ड यांनी न्यूयॉर्कमध्ये जे मांडले त्याचा सांगाडा आपल्याकडे आधीपासून उभा आहे. फरक इतकाच की आपण तो गरिबीसाठी उभारला. आजारासाठी वापरता येईल हे सुचले नाही.

प्राचार्यांशी बोलून त्याला ग्रंथालयात दुपारचे दोन तास दिले. सकाळचे नव्हे, कारण औषधामुळे सकाळी डोळे उघडत नसत. आठ वाजताचे तास त्याच्यासाठी नसल्यासारखेच होते. दाखलनोंदवहीत नव्या पुस्तकांची नोंद करणे आणि फाटकी पुस्तके बांधणीसाठी वेगळी काढणे, हे काम. आणखी दोन मुलांना त्यात घेतले आणि तिघांना मिळून एवढेच सांगितले की तिघांपैकी कोणी आले नाही तर उरलेल्यांनी त्याचे काम करून ठेवायचे. कारण सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही. खेड्यातल्या मुलांना सगळे आधीच ठाऊक असते.

चार महिने सुरळीत गेले. अक्षर सुरेख होते त्याचे. दिवाळीनंतर सलग अकरा दिवस तो आला नाही. मी घरी गेलो तर भिंतीकडे तोंड करून झोपलेला. त्या अकरा दिवसांतल्या नोंदी दुसऱ्या मुलाने केल्या. वहीत अक्षर बदललेले स्पष्ट दिसते. बाराव्या दिवशी तो आला, वही उघडली, ते दुसरे अक्षर पाहिले आणि त्याखालून पुढचा क्रमांक टाकून लिहू लागला.

वर्ष पूर्ण झाले, एक विषय राहिला. त्याला नेट-सेट करायचे आहे असे तो म्हणतो. होईल की नाही, सांगता येत नाही. परवा मानधनाच्या पत्रकावर सह्या घेताना लेखनिकाने मला विचारले, मधल्या अकरा दिवसांच्या रकान्यात काय लिहू? योजनेच्या नमुन्यात 'हजर' आणि 'गैरहजर' एवढ्या दोनच खुणा आहेत. काम झालेले होते, तो आलेला नव्हता. आम्ही दोघांनी बराच वेळ त्या रकान्याकडे पाहिले. शेवटी ज्याने काम केले त्याचे तास त्याच्या नावावर मांडले, आणि याचे अकरा चौकोन कोरे सोडले.